महिनाभराचं फुटेज पुरत नाही
तुरुंगातलं सीसीटीव्ही फुटेज महिनाभर ठेवलं की झालं, असं म्हटलं जातं; ते मला पटलं नाही. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2 डिसेंबर 2020 ला पोलीस ठाण्यांतलं रेकॉर्डिंग 18 महिने, तशी यंत्रणा मिळत नसेल तर निदान वर्षभर जपायला सांगितलं. कैदी तर तुरुंगात वर्षानुवर्षं असतो, तिथे मुदत कमी का?

आणि नुसत्या फुटेजने काय होतंय? रात्री बराक कोणी उघडली, पहाऱ्यावर कोण होतं, हे तुरुंगाच्या नोंदवह्यांतच सापडतं (खाडाखोड केलेली असली तरी!). खुनाचा खटला भरायला कायद्यात मुदत नसते. तेव्हा कोठडीत मृत्यू झाला की त्या रात्रीचं सगळं दप्तर अपिलं संपेपर्यंत सीलबंद ठेवावं. तुरुंगाच्या भाजीपाल्याच्या पावत्या मात्र ऑडिटनंतर खुशाल रद्दीत घाला.