केबल न ओढता माडीवरचा डेस्कटॉप नेटला कसा जोडायचा?

शेवंतीची वेणी:

नमस्कार मंडळी, हा प्रश्न आधी कोणी विचारला असेल तर त्या धाग्याची वाट दाखवा, मला शोधून सापडला नाही.

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, जुनं चिऱ्याचं घर, खाली पडवी, ओटी, माजघर आणि वर माडी. नेटचा राऊटर ओटीवर टीव्हीच्या शेजारी आणि माझा कंप्युटर माडीवर, कारण मी घरून डीटीपीची कामं करते (लग्नपत्रिका, देवळाच्या वर्गणीची पावतीपुस्तकं, शाळांच्या स्मरणिका वगैरे) आणि खाली बसलं की कोणी ना कोणी हाक मारतंच. दोन वर्षांपूर्वी मुलाने कौलांखालून लॅनची केबल ओढून दिली होती. पहिली उंदरांनी कुरतडली. दुसरी टाकली तर या मे महिन्यात वळवाचा पाऊस आला तेव्हा जवळच कुठेतरी वीज पडली आणि राऊटर ठार, सोबत माझ्या कंप्युटरचं लॅन पोर्टपण गेलं. राऊटर नवीन आला, कंप्युटर बाकी ठणठणीत आहे, पण केबल लावली की मागचा तो बारका दिवा लागतच नाही. सासऱ्यांनी जाहीरच करून टाकलंय की आता घरात वायर ओढायची नाही, आणि खरं सांगायचं तर मलापण धास्ती बसलीये.

मशीन २०१४ चं असेंबल केलेलं, आय३, ८ जीबी रॅम, विंडोज १०. खालच्या कोपऱ्यात वायफायचं चिन्ह येत नाही, सेटिंगमध्येही वायफाय नावाचा प्रकारच दिसत नाही. मोबाईलला माडीवर वायफायच्या दोन कांड्या मिळतात. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड बदला, साडेसहा हजार. सध्या पीडीएफ पेनड्राइव्हने मोबाईलवर घेते आणि मग प्रेसला पाठवते, ९० एमबीची स्मरणिका पाठवताना अक्षरशः रडू येतं. काय करू?

बंड्या पुणेकर:

मदरबोर्ड अजिबात बदलू नका!! एका पोर्टसाठी मदरबोर्ड म्हणजे चपलेचा अंगठा तुटला म्हणून पाय बदलण्यातला प्रकार. यूएसबीचा वायफाय डोंगल (यूएसबीत खोचायची वायफाय पकडणारी बारकी काडी) घ्या, पाचशेच्या आसपास येतो, लावा आणि विसरा.

सर्किटकाका:

बंड्याशी सहमत, फक्त "लावा आणि विसरा" इतकं सोपं ते नसतं, त्यावर पुढे कोणीतरी लिहीलच.

ताई, तुम्ही आज रात्रीच एक पैसा खर्च न करता नेट चालू करू शकता. अँड्रॉइड फोन आहे ना? फोनला नेहमीसारखं घरचं वायफाय जोडा, चार्जिंगची केबल कंप्युटरच्या यूएसबीत लावा, मग फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंगमध्ये जाऊन यूएसबी टेदरिंग चालू करा. केबल जोडल्याशिवाय ते बटण फिकट दिसतं, दाबलं जात नाही, म्हणून लोकांना वाटतं आपल्या फोनला ही सोय नाही. विंडोज १० ला त्याचा ड्रायव्हर (यंत्र ओळखायला लागणारं सॉफ्टवेअर) सहसा वेगळा घालावा लागत नाही, अर्ध्या मिनिटात कंप्युटरला वाटतं की लॅन केबल लागली. बऱ्याच जणांना माहीत नसतं की अशा वेळी फोन घरचंच वायफाय पुढे देतो, सिमचा डेटा जात नाही. म्हणजे तुमचा फोनच डोंगल झाला. मात्र फोन वायफायवरून सुटला तर गुपचूप सिमच्या डेटावर जातो, म्हणून तेवढ्या वेळापुरता मोबाईल डेटा बंदच ठेवा, नाहीतर विंडोज अपडेट दिवसाचा पॅक दहा मिनिटात गिळेल. आयफोनचं वेगळं आहे, तो सिमचाच डेटा देतो, वायफाय पुढे देत नाही. आणि केबल डेटावाली हवी, काही स्वस्त केबलींनी नुसतं चार्जिंगच होतं.

आता विजेबद्दल, कारण तुम्हाला धास्ती बसलीये म्हणालात. बाहेरून नेट फायबरने येत असेल तर तो स्वतः काचेचा असतो, त्यातून वीज येत नाही. वीज जवळपास पडली की घरातल्या लांब तांब्याच्या तारेत दाब तयार होतो, आणि तुमची कौलांखालून गेलेली केबल म्हणजे तशीच लांब तार, एका टोकाला राऊटर आणि दुसऱ्या टोकाला कंप्युटर. लॅन पोर्टच्या आत बारके ट्रान्सफॉर्मर असतात, ते साधारण १५०० व्होल्टपर्यंत तग धरतील असे केलेले असतात, वळवाच्या विजेपुढे ते काहीच नाही. त्यामुळे सासरेबुवा चुकीचं बोलत नाहीयेत. कोकणात मे-जून आणि परत ऑक्टोबरला हा प्रकार मी गेली वीस वर्षं बघतोय, लोक टीव्हीचा प्लग काढतात आणि लॅन तशीच ठेवतात. वायफायवर गेलात तर ती एक वाट कायमची बंद होते. लाईटची वाट मात्र उरतेच, तेव्हा आभाळ गडगडायला लागलं की राऊटर आणि कंप्युटर दोन्हीचे प्लग बोर्डातून उपसा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

शेवंतीची वेणी:

काका!!! झालं की चालू! पहिली केबल चार्जिंगवालीच निघाली, मग मुलाच्या फोनची लावली आणि लगेच आलं. स्मरणिका एका झटक्यात गेली. इतके दिवस मी पेनड्राइव्हची वारी करत होते.

पण फोन अडकून पडतो हो, फोन आला की केबलसकट कानाला लावायचा आणि जरा ओढली गेली की नेट गेलं. म्हणजे डोंगल घ्यावाच लागणार. ऑनलाइन बघितलं तर एन१५०, एसी६००, एसी१३०० असं काय काय लिहिलंय, कोणाला शेपटीसारखा अँटेना, कोणी नखाएवढा. ह्यातलं काय घेऊ?

खटपट्या:

मी लिहितो, या विषयात माझे बरेच पैसे वाया गेलेत.

ते आकडे म्हणजे कागदावरचा वेग, तोही बेरीज करून लिहिलेला. वायफायच्या लहरींचे दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, त्यांना बँड म्हणतात. एसी६०० म्हणजे २.४ वर १५० एमबीपीएस आणि ५ वर ४३३, दोन्ही मिळून "६००", पण तुम्ही एका वेळी एकाच बँडवर असता. आणि त्या १५० मधले प्रत्यक्षात हातात येतात निम्म्याहूनही कमी. एन१५० वाला फक्त २.४ वर चालतो, ५ त्याला दिसतच नाही.

आता तुमच्या घराकडे या. चिऱ्याच्या भिंती असतात फूटभर किंवा जास्त जाड, त्यात ५ गिगाहर्ट्झचा जीव जातो, २.४ जरा धीराने पार होतो. वर पावसाळ्यात चिरा पाणी पितो आणि ओली भिंत सिग्नल आणखी खाते, त्यामुळे एप्रिलमध्ये छान चाललेलं जुलैत रडायला लागतं आणि माणूस कंपनीला शिव्या घालतो. तुमच्याकडे जे काही चालेल ते २.४ वरच चालेल असं धरून चाला. तरीपण घ्या दोन्ही बँडवाला, फरक शंभर-दोनशेचा असतो आणि कधी कंप्युटर खाली आणलात तर ५ कामाला येईल. मात्र घ्या शेपटीवाला, म्हणजे बाहेर अँटेना असलेला. तो नखाएवढा दिसायला गोड असतो पण कॅबिनेटच्या मागे लावला की पुढे पत्र्याचा डबा आणि मागे भिंत, बिचारा करणार काय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, डोंगलसोबत दीड-दोन मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या (पाच मीटरच्या वर जाऊ नका, यूएसबी २ ची मर्यादा तेवढीच). डोंगल टेबलाखालून काढून वर उंचावर आणा, शक्यतो जिन्याच्या तोंडाशी. तुमच्याकडे माडीला जाणारा लाकडी जिना असेल ना, तर सिग्नल भिंतीतून कमी आणि त्या जिन्याच्या भोकातून आणि फळ्यांतून जास्त येतो. फोन हातात धरून आधी फिरा, जिथे तीन कांड्या येतील तिथे डोंगल टांगा. दोनशे रुपयांच्या वायरने जेवढा फरक पडतो तेवढा हजार रुपये जास्त घालून घेतलेल्या डोंगलने पडत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

अजून एक, मागची निळी पोर्टं सोडा, काळ्यात लावा. निळी म्हणजे यूएसबी ३, तिथे हार्डडिस्क वगैरे चालू असली की तिचा गोंगाट नेमका २.४ च्या आसपास पडतो, इंटेलने स्वतःच २०१२ मध्ये यावर कागद काढला होता. तुमच्या वेगाला काळं पोर्ट भरपूर झालं.

ड्रायव्हर: बरेच डोंगल लावले की आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात, लोक घाबरतात की चुकीची वस्तू आली. त्या सीडीतच ड्रायव्हर असतो, सेटअप चालवा, मग तो वायफाय म्हणून उगवतो. नसेल तर काकांनी सांगितलेलं टेदरिंग तेवढ्यापुरतं लावून नेटवरून उतरवा. पूर्वी हीच गंमत होती की नेटचा ड्रायव्हर घ्यायला नेट लागायचं.

जांभाचिरा:

खटपट्याराव, सगळं मान्य, पण आतलं कार्ड का नको? २०१४ च्या बोर्डावर लहान पीसीआय एक्सप्रेस स्लॉट (कार्ड बसवायची खाच) सहसा रिकामा असतो, त्यात वायफाय कार्ड बसतं, दोन अँटेना, डोंगलसारखं तापत नाही, निघून पडत नाही. मी सावंतवाडीला तेच वापरतोय, चार वर्षं हात लावला नाहीये.

खटपट्या:

कार्ड चांगलंच, पण त्याच्या अँटेना कॅबिनेटच्या मागेच राहतात, टेबलाखाली, भिंतीला तोंड करून. वायरवर लांब नेता येणाऱ्या अँटेनावालं कार्ड मिळालं तर जरूर घ्या. शिवाय त्यातलं ब्लूटूथ चालवायला आतून वेगळी यूएसबी वायर जोडावी लागते, ती कोणी जोडत नाही आणि मग "ब्लूटूथ चालत नाही" म्हणून धागे काढतात (हलके घ्या). ताईंना कॅबिनेट उघडायला लावायचं आणि परत त्याच साडेसहा हजारवाल्याकडे जायचं, त्यापेक्षा डोंगल बरा.

बंड्या पुणेकर:

आणि ते लाईटच्या वायरीतून नेट नेणारे अ‍ॅडॉप्टर मिळतात ते? एक खाली प्लगमध्ये, एक वर.

सर्किटकाका:

पॉवरलाइन म्हणतात त्याला. नवीन वायरिंग असेल आणि दोन्ही प्लग एकाच फेजवर असतील तर बरं चालतं. या घरात माडीचं वायरिंग कधीचं आहे देव जाणे, मध्ये सांधे किती, आणि स्पाइक गार्डमध्ये लावलं की नीट चालत नाही, थेट भिंतीत लावावं लागतं. शिवाय एवढं करून शेवटी अ‍ॅडॉप्टर ते कंप्युटर लॅन केबल लागतेच, आणि ताईंचं लॅन पोर्टच गेलंय! जुन्या राऊटरचा रिपीटर (वायफाय पकडून पुढे देणारा) करून त्याला कंप्युटर केबलने जोडा म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर, आणि एकाच बँडचा रिपीटर तसाही वेग निम्मा करतो.

उबुंटूवाला शेजारी:

जाता जाता, कोणी लिनक्सवर असेल तर डोंगल घेण्याआधी आत चिप कोणती आहे ते बघा, खोक्यावरचं नाव नव्हे. मीडियाटेकच्या बऱ्याच चिपांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) आहेत, लावलं की चालतं. अवांतर: ताई, विंडोज १० चे नेहमीचे फुकट अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि तुमचा आय३ विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, नेटवर कायमचं बसवण्याआधी याचाही विचार करा.

शेवंतीची वेणी:

त्यावर माझी सगळी जुनी फॉन्टची सॉफ्टवेअरं चालणार का ते आधी बघावं लागेल, तो वेगळा धागा काढते. मंडळ आभारी आहे.

(आठ दिवसांनी)

तर अपडेट देते. दोन्ही बँडवाला शेपटीचा डोंगल आणि दोन मीटरची एक्स्टेन्शन वायर आणली, सगळं मिळून ७८० रुपये. लावल्यावर खरंच सीडी ड्राइव्ह दिसला, खटपट्या यांनी सांगितलं नसतं तर मी परतच पाठवला असता. सेटअप चालवलं आणि वायफायचं चिन्ह आलं. आधी तसाच टेबलामागे लावून बघितला तर वेग ४ आणि मध्येच तुटायचं. मग फोन घेऊन माडीभर फिरले (सासूबाई विचारत होत्या काय हरवलं), जिन्याच्या कठड्यापाशी सगळ्यात जास्त कांड्या आल्या, तिथे डोंगल सुतळीने बांधला आणि आता वेग २६ ते ३० च्या मध्ये असतो. ५ वालं नाव यादीत दिसतं पण जोडलं की सुटतं, म्हणून २.४ वरच ठेवलंय.

एकच त्रास उरलाय, कंप्युटर थोडा वेळ तसाच ठेवला आणि परत आले की नेट गेलेलं असतं, डोंगल काढून घातला की येतं.

खटपट्या:

सुतळी आवडली. तो त्रास वीज वाचवण्याच्या सेटिंगचा असणार. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अ‍ॅडॉप्टरखाली डोंगलचं नाव, त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट, तिथे कंप्युटरने हे यंत्र बंद केलं तरी चालेल अशा अर्थाची पहिली खूण असते ती काढा. तरी गेलं नाही तर पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा.

शेवंतीची वेणी:

पहिल्यानेच काम झालं, काल दुपारपासून एकदाही गेलं नाही.

आता लाईट गेली की कंप्युटर यूपीएसवर चालू राहतो आणि खाली राऊटर बंद, म्हणजे नेट नाहीच. त्याला काही आहे का?

सर्किटकाका:

राऊटरच्या अ‍ॅडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय का बघा, बहुतेक तेच असेल. राऊटरसाठी डबीएवढा मिनी यूपीएस मिळतो, अ‍ॅडॉप्टर आणि राऊटरच्या मध्ये लावायचा. घेताना व्होल्ट तेच हवेत आणि अँपिअर अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेत तेवढे किंवा जास्त. आणि गडगडाटात तोही प्लगमधून काढायचा, विसरू नका.

शेवंतीची वेणी:

१२ व्होल्ट, १.५ अँपिअर लिहिलंय. सासऱ्यांना विचारते, वायर एक वीतभरच आहे म्हणून सांगेन.