मदत हवी आहे: हिवाळी टायर १६ इंची घेऊ की १७?

नमस्कार मंडळी, गाडीला सध्या २२५/४५ आर१७ टायर आहेत (रुंदी मिमीत / बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, मग रिमचा व्यास इंचांत). हिवाळ्यासाठी रिमसकट वेगळा सेट घ्यायचाय. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर २०५/५५ आर१६ हाही साइज छापलाय. हिशेब केला: १७ इंचीचा बाहेरचा व्यास साधारण ६३४ मिमी, १६ इंचीचा ६३२. म्हणजे स्पीडोमीटरला फरक नगण्य.

माझा कल १६ कडेच आहे. अरुंद टायर ताजा बर्फ कापत खालचा रस्ता धरतो, आणि साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) उंच असल्याने बर्फाखाली दडलेल्या खड्ड्यात रिमला मार कमी. गेल्या हिवाळ्यात पुढचा डावा रिम असाच वाकला, तेव्हापासून धास्तीच घेतलीय.

अडलंय ते ब्रेकपाशी. चाक काढून पाहिलं तर सध्याच्या रिम आणि कॅलिपरमध्ये (ब्रेक पॅड दाबणारा भाग) जेमतेम एक बोट जातं. १६ इंचीत रिमची त्रिज्या जवळपास १३ मिमीने घटणार. मग कॅलिपर घासेल का? स्टिकरवर साइज आहे म्हणून बिनधास्त घ्यावा, की रिम आधी नुसता बसवून, हाताने फिरवून बघावा? रिमचा ऑफसेट (रिमची मध्यरेषा आणि हबवर टेकणारी बाजू यांतलं अंतर) किती चालतो? लोड इंडेक्स ९१, म्हणजे टायरमागे ६१५ किलो, त्याखाली मी जाणार नाही.

ज्यांनी असा बदल केलाय त्यांनी कृपया सांगा. पारा ७ अंशांखाली जायच्या आत टायर चढवायचेत.