सिक्युरिटी कॉन्फरन्सला विद्यार्थ्यांना पैसे देऊन पाठवावं का?

धागाकर्ता:
युझनिक्स सिक्युरिटी, सीसीएस, एनडीएसएस वगैरे कॉम्प्युटर सिक्युरिटीच्या कॉन्फरन्सेस विद्यार्थ्यांना ट्रॅव्हल ग्रँट, म्हणजे येण्याजाण्याच्या खर्चाला मदत, देतात. माझं म्हणणं, ही मदत वाढवा आणि ज्याचा तिथे रिसर्च पेपर नाही त्याला आधी द्या. पेपर लागला की गाइड प्रोजेक्टच्या फंडातून बहुतेक वेळा सोय लावतोच, पण ज्याच्या कॉलेजात या विषयाचं कुणीच नाही त्याने कुठे जायचं?

तटबंदी:
पटलं नाही. युझनिक्सचे पेपर 2008 पासून सगळ्यांना फुकट आहेत, टॉकचे व्हिडिओही टाकतात. मेल्टडाउनचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या त्या गाजलेल्या त्रुटीचा, पेपर 2018 ला तिथेच आला, तो वाचायला विमानात कशाला बसायला हवं? तेच पैसे लॅबला द्या, एक चांगला ऑसिलोस्कोप (विजेचे सिग्नल मोजायचं यंत्र) घेतला तर कितीतरी बॅचेस वापरतील.

धागाकर्ता:
अहो पेपरमध्ये जे जमलं तेच छापतात. साइड चॅनलचंच घ्या, म्हणजे कॉम्प्युटरला लागणारा वेळ किंवा वीज मोजून आतलं गुपित काढणं, ग्राफ एकदम स्वच्छ दिसतो आणि आपण घरी करायला गेलो की नुसता नॉइज, मग प्रोग्राम प्रोसेसरच्या एकाच कोअरला बांधला होता का, प्रोसेसरची फ्रिक्वेन्सी लॉक केली होती का, किती रीडिंग फेकून दिली, हे सगळं पोस्टरपाशी उभं राहून लेखकाला विचारलं की पाच मिनिटांत कळतं. ऑसिलोस्कोप आहे पण काय मोजायचं ते सांगणारा नाही, अशी लॅब काय कामाची?

रात्रपाळी:
2020 ला युझनिक्स सिक्युरिटी पूर्ण ऑनलाइन झाली तेव्हा टॉक मस्त ऐकले मी, ओळख मात्र एकाशीही झाली नाही. पण मुख्य अडचण वेगळीच आहे. बऱ्याच ग्रँटमध्ये आधी सगळं स्वतः भरा, परत आल्यावर बिलं लावा, मग पैसे. ज्याच्याकडे क्रेडिट कार्डच नाही तो ग्रँट मिळूनही जाऊ शकत नाही!! म्हणजे गरजूसाठी काढलेली मदत ज्याला उसने मिळू शकतात त्यालाच मिळते.

तटबंदी:
हे मान्य. पण आगाऊ दिले आणि व्हिसाच नाकारला तर?

रात्रपाळी:
तिकीट, हॉटेल आयोजकांनीच बुक करावं, व्हिसा हातात पडल्यावर. विद्यार्थ्याच्या खात्यात पैसे टाकायचेच नाहीत.

तटबंदी:
उशिरा काढलेलं तिकीट महाग पडतं, म्हणजे तेवढ्याच फंडात कमी पोरं जाणार.

धागाकर्ता:
मग निवड दोन महिने आधी करा. आणि कमी गेली तरी चालेल, पण ज्यांना दुसरा रस्ताच नाही ती जाऊ देत.