स्लीव्हनंतर साडेचार महिने : वजन उतरतंय, मन थाऱ्यावर नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वय ३९, लातूर जिल्हा, झेडपीच्या शाळेत शिक्षिका. ऑगस्टमध्ये पुण्याला जाऊन स्लीव्ह (वजन उतरवायला जठराचा मोठा भाग कापून काढतात ते ऑपरेशन) करून घेतली. तेव्हा ११८ किलो होते, काल काट्यावर ९१ भरले. शुगरची गोळी बंद झाली, जिना चढताना गुडघे कुरकुरत नाहीत. तक्रारीला जागाच नाही. तरी रोज रडते.

येळवसेला काय झालं ते सांगते. आमच्याकडच्यांना माहीतच आहे. बाकीच्यांसाठी, मार्गशीर्ष अमावस्येला आम्ही सगळे शेतात जेवतो. कडब्याची कोप, आत पांडवांची पूजा, आंबिलाचं बिंदगं, आणि सासूबाईंनी मध्यरात्री उठून रांधलेली भज्जी (तळलेली भजी नव्हे हो, ओले दाणे, पालेभाज्या, बेसन, चिंच असं सगळं एकत्र शिजवलेलं). मी घरून लेकीची लहानपणची स्टीलची वाटी नेली होती. चार चमचे खाल्ले. पाचवा छातीपाशीच अडून बसला. आंबील तर जेवताना चालतच नाही, खाऊन झाल्यावर अर्धा तास पातळ काही घ्यायचं नाही. तो अर्धा तास संपेतो पंगत उठून गेली होती. मी कोपीमागे जाऊन ज्वारीकडे तोंड करून रडले. सासूबाई शोधत आल्या, "वजन कमी झालंय तर हसायचं सोडून कामून रडायलीस?" भज्जीसाठी रडतेय असं कोणत्या तोंडानं सांगू?

पण नुसतं भज्जीचंही नसावं. आधी घरात वाजलं, शाळेत कुणी टोचून बोललं, की घरी येऊन चहा आणि खारीचा पुडा. रडू यायच्या आधीच तोंडात काहीतरी असायचं. आता राग येतो तो येतो, जायला वाट नाही. परवा मुलीनं डबा सांडला तर एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या काकू दारात आल्या. दुसऱ्या दिवशी मात्र उगाचच हलकं वाटतं, दोन नव्या साड्या घेऊन येते, संध्याकाळी परत अंधार. त्यात केस मुठीनं गळायलेत आणि पाळीचा काही नेम राहिला नाही.

आणखी एक, हे कुणाला बोललेच नाही. जे लोक आधी माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत ते आता "मॅडम, बसा ना" म्हणतात. आनंद व्हायला हवा, पण मला चीड येते. जूनमध्ये मी दुसरी कुणी होते का?

दवाखान्याच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मनाचं विचारलं तर उत्तर आलं, "६० ग्रॅम प्रोटीन पूर्ण होतंय का?" होतंय हो. हे किती दिवस चालतं? गोळी घ्यावी लागते का? आणि घरच्यांना नेमकं काय सांगायचं?

प्रतिसाद
सकारात्मक रहा ताई, सकाळी प्राणायाम करा. सगळं मनावर असतं.

प्रतिसाद (परभणी)
वरच्या भाऊंना दंडवत, पण सगळं मनावर नसतं. माझी बायपास (हृदयाची नव्हे, वजनासाठी पोटाची करतात ती), तीन वर्षं झाली. तिसऱ्या ते आठव्या महिन्यापर्यंत माझंही असंच होतं. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की चरबीत इस्ट्रोजेन हे हार्मोन साठलेलं असतं, चरबी भराभर उतरली की ते रक्तात येतं. तुमच्या पाळीचा त्याच्याशी संबंध असू शकेल, विचारून घ्या. एका लग्नात अर्धी बालुशाही खाल्ली तर पंधरा मिनिटांत घाम, धडधड, हातपाय गार. मला वाटलं आता मी वेडा होणार. ते डम्पिंग निघालं, म्हणजे गोड खाल्लेलं पोटात न थांबता भराभर आतड्यात उतरणं. बायपासवाल्यांना जास्त होतं, तरी घाबरल्यासारखं झालं की आधी काय खाल्लं ते वहीत लिहा.

आणि एक लाजिरवाणं. खाणं सुटलं तशी माझी संध्याकाळची एक पेग सुरू झाली. ऑपरेशननंतर दारू लवकर आणि जास्त चढते. बायकोनं वेळीच ओळखलं. तुमच्या साड्यांवरून आठवलं म्हणून लिहिलं, गैरसमज नसावा.

प्रतिसाद (नांदेड, नर्स)
ताई, आधी रक्त तपासा : बी१२, डी, हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉईड. बी१२ कमी असलं तरी माणूस असा चिडचिडा, उदास होतो. केस साधारण तिसऱ्या महिन्यापासून गळतात, बहुतेकांचे परत येतात. सारख्या उलट्या होऊन चालताना तोल जायला लागला, डोळ्यांना दोन दोन दिसायला लागलं किंवा बोलण्यात गोंधळ झाला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा, थायमिन (बी१) कमी पडलेलं असू शकतं.

गोळी लागेल का ते मानसोपचारवाले ठरवतील. लातूर, अंबाजोगाई, नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात ओपीडी असते. ऑपरेशन झाल्याचं आवर्जून सांगा, पोट बदललं की काही औषधं अंगी लागण्यात फरक पडतो. आधीपासून मनाची गोळी चालू असेल तर मनानं बंद करू नका. जिवाचं काही बरंवाईट करावं असं एकदाही मनात आलं तर रात्री दोन वाजताही १४४१६ लावा, टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात.

धागाकर्ती
परभणीच्या दादा, साड्यांचं बरोबर ओळखलंत. कपाटात अकरा झाल्यात, चार तर घडीसुद्धा मोडलेली नाही. नांदेडच्या ताई, तसं काही मनात आलेलं नाही, पण नंबर फोनमध्ये टाकून ठेवलाय. सोमवारी अर्धी रजा टाकून रक्त देणार, गुरुवारी अंबाजोगाईची ओपीडी, हे सोबत येतायत.

सासूबाईंना काल सांगितलं, भज्जीसाठी रडत होते म्हणून. मला वाटलं हसतील. म्हणाल्या, "मग तवाच म्हणायचं ना!" आणि आज डब्यात तीच स्टीलची वाटी, अर्धी भरून. सुट्टीत दोन वेळा मिळून संपवली.

रिपोर्ट आले की इथंच लिहिते.