मदत हवी आहे: हॅम रेडिओचा रिपीटर व्हीएफओवर लागतो, मेमरी चॅनेलवरून लागत नाही

नमस्कार मंडळी,
नुकताच हॅम रेडिओचा व्हीयू३ कॉलसाइन (परवान्याबरोबरचं ओळखचिन्ह) मिळालाय. साधा चिनी ड्युअल बँड हँडी (हातात धरायचा रेडिओ) आहे. रिपीटरचं (आपला सिग्नल झेलून पुन्हा पाठवणारं केंद्र) आउटपुट १४५.६५० मेगाहर्ट्झ, शिफ्ट (ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतलं अंतर) मायनस ६०० किलोहर्ट्झ, टोन (रिपीटर उघडणारा बारीक सूर) ८८.५ हर्ट्झ. व्हीएफओत (फ्रिक्वेन्सी हाताने भरायचा मोड) हे भरलं की रिपीटर उठतो, पीटीटी (बोलायचं बटण) सोडल्यावर त्याची शेपटी, म्हणजे क्षणभर चालू राहिलेला त्याचा सिग्नल, ऐकू येते. तेच १० नंबरच्या चॅनेलवर सेव्ह केलं की ऐकू सगळं येतं, पण माझं काहीच जात नाही. व्हीएफओत पीटीटी दाबल्यावर डिस्प्लेवर १४५.०५० येतं, चॅनेलवर मात्र १४५.६५०च राहतं.

आणखी एक. अमेरिकेतल्या व्हिडिओंत कुणी प्लस लावतं, कुणी मायनस. आपल्याकडे मायनसच का? आणि शिफ्ट लागतेच कशाला? हे कळल्याशिवाय नुसते आकडे भरत बसायला मन तयार होत नाही. रविवारच्या नेटला (रेडिओवरच्या ठरलेल्या वेळेच्या गाठीभेटीला) चेक-इन करायची फार इच्छा आहे.

प्रतिसाद १:
डिस्प्लेचं लिहिलंत ते उत्तम केलंत, उत्तर त्यातच आहे. अशा बऱ्याच हँडींत कीपॅडवरून सेव्ह करताना शिफ्ट चॅनेलमध्ये जात नाही. एकाच चॅनेलवर दोनदा सेव्ह करावं लागतं. आधी चॅनेल १० पुसा. व्हीएफओत टोन लावून १४५.६५० सेव्ह करा, मग १४५.०५० टाकून पुन्हा १० वरच सेव्ह करा. व्हॉइस चालू असेल तर पहिल्यांदा ‘रिसीव्हिंग मेमरी’ आणि दुसऱ्यांदा ‘ट्रान्समिटिंग मेमरी’ असं ऐकू येईल.

प्रतिसाद २:
शिफ्टबद्दल सांगतो. रिपीटर एकाच वेळी ऐकतो आणि बोलतो, बहुतेक ठिकाणी एकाच अँटेनावर. तुमच्या हँडीचा सिग्नल तिथे पोचेपर्यंत मायक्रोव्होल्टच्या घरात उरतो, आणि शेजारीच रिपीटरचा स्वतःचा ट्रान्समीटर कित्येक वॅटनी चालू असतो. दोन्ही एकाच फ्रिक्वेन्सीवर असते तर रिसीव्हर स्वतःच्याच आवाजाने बहिरा झाला असता. म्हणून दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी ठेवतात आणि मधे कॅव्हिटी डुप्लेक्सर (त्या दोन्ही वेगळ्या ठेवणारे फिल्टर) बसवतात. दोन मीटर बँडवर (आपला १४५.६५० त्यातलाच) ६०० किलोहर्ट्झचं अंतरही त्याच्यासाठी कमीच, ट्यूनिंग जरा हललं की रेंज घटते.

मायनसचं कारण बँडच्या हद्दीत आहे. आपला दोन मीटर बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. १४५.६५० ला प्लस लावलं तर इनपुट १४६.२५० होईल, म्हणजे थेट बँडबाहेर. अमेरिकेत बँड १४८ पर्यंत आहे, त्यामुळे तिथे १४७ च्या वरच्या रिपीटरना सहसा प्लस असतं.

नेटच्या आधी कॉलसाइन देऊन रिपोर्ट मागा. शेपटी ऐकू येऊनही आवाज तुटतोय असं कुणी म्हणालं, तर शिफ्टला हात लावू नका, अँटेना बघा.