थंड भिंती, काळे ठिपके आणि घरातली वाफ : ब्रिटनमधील जुन्या घरांचे अनुभव

ब्रिटनमध्ये बऱ्याच मराठी कुटुंबांच्या वाट्याला येणारे पहिले घर शंभर वर्षांहून जुने असते, आणि नोव्हेंबर लागला की कपाटामागे, खिडकीच्या चौकटीत आणि छताच्या कोपऱ्यांत काळी बुरशी दिसू लागते. कोकणातल्या घरात ओल येते ती बाहेरून : पावसाची झड, गळकी कौले, भिंतीत मुरलेले पाणी. इथे मात्र बहुतेक वेळा ती आपल्याच स्वयंपाकातून, आंघोळीतून आणि श्वासातून तयार होते. घर कोणत्या बांधणीचे आहे, काय करून पाहिले आणि कशाचा उपयोग झाला, हे आपापल्या अनुभवातून लिहावे. नुसती रंगांच्या डब्यांची शिफारस नको, ती दुकानात फुकट मिळते.

लीड्सहून

आमचे घर व्हिक्टोरियन काळातील, विटांचे, एकमेकांना लागून असलेल्या घरांच्या रांगेतले आहे. बाहेरून पाहिल्यास एक लांब वीट, एक आखूड वीट अशी रचना दिसते. आखूड दिसणारी वीट भिंतीत आडवी आरपार गेलेली असते, म्हणजेच नऊ इंचांची ही भिंत भरीव असून तिच्यात पोकळी नाही. बाहेर २ अंश आणि खोलीत २० अंश तापमान असताना अशा भिंतीचा आतला पृष्ठभाग साधारण १५ अंशांवर राहतो. कोपऱ्यात किंवा कपाटामागे, जिथे उबदार हवा पोचतच नाही, तिथे तो त्याहूनही खाली जातो. खोलीतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल तर तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन साचू लागते ते तापमान, १२ अंश येतो. पण बुरशीला पाण्याचे थेंब दिसेपर्यंत थांबण्याची गरज नसते, भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांवर राहिली तरी ती रुजते. म्हणून हाताला कोरडी लागणारी भिंतही काळी पडते.

सासूबाई रत्नागिरीहून आल्या की बाहेर रिपरिप सुरू होताच खिडक्या लावून घेत, आणि ‘बाहेरचा ओलावा कशाला आत घेता?’ हा त्यांचा प्रश्न जुलैतल्या रत्नागिरीत अगदी रास्त ठरला असता. इथल्या हिवाळ्यात मात्र ५ अंशांवरच्या, ९० टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरमागे जेमतेम ६ ग्रॅम बाष्प असते, आणि तीच हवा आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास उतरते. त्यामुळे सकाळी समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटे सताड उघडून मग घट्ट लावणे हा आमचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय ठरला. दिवसभर खिडकी किलकिली ठेवल्याने आजूबाजूची भिंत तेवढी गार होते.

दुसरे काम स्वयंपाकघरातले. शेगडीवरची चिमणी हवा बाहेर टाकते की गाळून पुन्हा घरातच सोडते, हे झाकण काढून पाहावे. आमची दुसऱ्या प्रकारची निघाली. वरणभाताच्या कुकरची सगळी वाफ थेट वरच्या मजल्यावरच्या थंड खोलीत जात होती. भिंतीतून बाहेर टाकणारा पंखा बसवल्यावर वरच्या खोलीच्या काचा सकाळी कोरड्या दिसू लागल्या.

ग्लासगोहून

आमची इमारत वालुकाश्माची, भिंती दोन फुटांच्या आसपास जाड आणि छत उंच. जाडीमुळे भिंत उबदार असेल हा समज पहिल्याच हिवाळ्यात गेला. जुन्या पद्धतीची कपडे वाळत घालायची कप्पी छताला होती. ती हौसेने वापरली, पण धुलाईयंत्राच्या एका फेरीतल्या कपड्यांतून दोनएक लिटर पाणी हवेत जाते. आता कपडे एकाच खोलीत, दार बंद करून, डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढून घेणारे यंत्र) लावून वाळवतो. यंत्र घेताना एक पाहावे : कॉम्प्रेसरवर चालणारी यंत्रे गार खोलीत मंदावतात, न तापवलेल्या खोलीसाठी डेसिकंट प्रकारचे, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या पदार्थावर चालणारे यंत्र बरे, जरी ते वीज जास्त खाते.

बर्मिंगहॅमहून

कपाट बाहेरच्या भिंतीवरून आतल्या भिंतीकडे हलवले. बाकी काहीच केले नाही. ठिपके परत आले नाहीत.

ब्रिस्टलहून

सगळीच ओल वाफेची नसते, हेही कोणीतरी सांगायला हवे. आमच्याकडे एकच डाग होता, तो पावसानंतर पसरायचा आणि कोरड्या थंडीत आक्रसायचा. कारण निघाले तुंबलेली पन्हळ. जमिनीपासून वर चढत मीटरभर उंचीवर थांबणारा, वरच्या कडेला क्षारांची रेघ असणारा डाग वेगळा, त्याचे कारण जमिनीतली ओल असू शकते. शिवाय आमच्या घराला आधीच्या मालकाने बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता आणि त्याच्या भेगांतून शिरलेले पाणी आत अडकत होते. तो काढून चुन्याचा गिलावा केला, तेव्हा भिंत सुकायला लागली. वर्षभर तरी धीर धरावा लागतो. सफाईबद्दल एवढेच : कोरडी बुरशी खरवडू नये, तिचे बीजाणू घरभर उडतात, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

सॅलफर्डहून

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी लिहितो. घरमालकाच्या एजंटाने ‘तुमच्या स्वयंपाकामुळे होते’ असे उत्तर दिले. स्वयंपाक आम्ही करतोच. पण न्हाणीघरातला पंखा बंद असणे आणि खोलीतला हीटर न तापणे या घराच्या त्रुटी होत्या. साध्या हायग्रोमीटरवरील (आर्द्रता मोजणाऱ्या उपकरणावरील) सकाळ-संध्याकाळचे आकडे, तारखेसह फोटो आणि सगळा पत्रव्यवहार लेखी ठेवल्यावर बोलण्याचा सूर बदलला. रॉचडेलमध्ये २०२० साली बुरशीच्या घरात राहणारा दोन वर्षांचा अवाब इशाक दगावला, त्याच्या नावाचा कायदा इंग्लंडमधील सामाजिक गृहनिर्माणाला, म्हणजे कौन्सिल आणि ना-नफा संस्थांच्या स्वस्त भाड्याच्या घरांना, ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून त्यात घरमालकांना ओल आणि बुरशीच्या तक्रारींची दखल ठरावीक मुदतीत घ्यावी लागते. आमचे घर खासगी भाड्याचे असल्याने तो आम्हाला लागू नव्हता. आम्ही स्थानिक कौन्सिलच्या पर्यावरण आरोग्य विभागाकडे अर्ज केला, त्यांचा माणूस पाहणी करून गेला आणि त्यानंतर पंखा बदलून मिळाला.