गाठी छातीत, मग डोळे आणि हृदयाच्या तपासण्या कशासाठी?

प्रश्न (निफाड, नाशिक)
बहिणीच्या सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना गाठी दिसल्या. ईबसने (श्वासनलिकेतून दुर्बीण व सोनोग्राफीने) घेतलेल्या नमुन्यात नेक्रोसिस (पेशी मरून सडणं) नसलेले ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींचे पुंजके), सीबीनॅट (टीबीची जनुकीय चाचणी) निगेटिव्ह, निदान सारकॉयडोसिस (अवयवांत असे ग्रॅन्युलोमा होण्याचा आजार). त्रास फक्त कोरड्या खोकल्याचा. तरी डोळे, ईसीजी, कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासायला सांगितलंय. व्हिटॅमिन डी कमी असूनही त्याची पाकिटं बंद करायला लावलीत. असं का?

उत्तर १
सारकॉयडोसिसचे ग्रॅन्युलोमा छातीबाहेर डोळ्यांत, हृदयातही होऊ शकतात, म्हणून या तपासण्या. आणि पाकिटं खरंच बंद ठेवा. ग्रॅन्युलोमातल्या पेशी डीचं सक्रिय रूप स्वतःच बनवत राहतात आणि मूत्रपिंडाला असतो तसा लगाम त्यांना नसतो. लॅबमध्ये नेहमी मोजतात ते साठ्याचं डी. ते कमी दिसतं तेव्हाही सक्रिय डी वाढलेलं असू शकतं. त्यावर ६०,००० युनिटचं पाकीट घेतलं की आतड्यातून कॅल्शियम आणखी शोषलं जातं. मग सतत तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, पुढे मुतखडा, क्रिएटिनिन वाढणं. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल असूनही लघवीतून जास्त जात असू शकतं, म्हणून २४ तासांच्या लघवीची तपासणी विचारून घ्या. द्राक्षबागेत दिवसभर काम असेल तर डॉक्टरांना सांगा. उन्हानेही डी वाढतं.

उत्तर २
डोळ्याच्या पुढच्या भागात सूज असेल तर डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही. मागच्या भागात असेल तर ना लाली ना दुखणं, नजर मात्र हळूहळू जाते. त्यामुळे चष्म्याचा नंबर काढून भागणार नाही. स्लिट लॅम्प (डोळ्याचा सूक्ष्मदर्शक) आणि थेंब घालून पडद्याची तपासणी हवी. थेंबांनी काही तास धूसर दिसतं, गाडी चालवायला दुसरं कुणी न्या.

हृदयात ग्रॅन्युलोमा विजेच्या वाहिन्यांवर बसला तर ठोके अडतात किंवा बेताल होतात. धडधड किंवा चक्कर असेल तर साधा ईसीजी नॉर्मल आला म्हणून थांबू नका, होल्टर (दिवसभर चालणारा ईसीजी), इको (हृदयाची सोनोग्राफी), गरज पडल्यास हृदयाचा एमआरआय. भोवळ येऊन पडल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

उत्तर ३
नडगीवर दुखऱ्या लाल गाठी, नाकागालावर जांभळट चट्टे, अचानक वाकडा झालेला चेहरा, हेही याच आजाराचं असू शकतं. यकृतात बहुधा काही जाणवत नाही, रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज (यकृताच्या तपासणीतलं एक एन्झाइम) तेवढं वाढतं.

आपल्याकडे खरी अडचण टीबीची. सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून टीबी पूर्ण बाद होत नाही. नमुना कल्चरला (जंतू वाढवून पाहायला) दिलाय का विचारा. अंतिम रिपोर्टला ६ आठवडे लागू शकतात. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) सुरू करण्याची घाई नसेल तर त्यासाठी थांबणं योग्य, कारण लपलेला टीबी स्टेरॉइडने उसळतो. नुसत्या गाठी असतील तर पुष्कळदा औषधाविनाही विरतात. स्टेरॉइड सुरू झालंच, तर गोळी मनाने एकदम बंद करू नका.